डावीकडचा कॅन

चूक फोनवर झाली, आणि ती टँकवाल्याचीच. सासऱ्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन म्हणून तो परगावी गेला होता. तिथून त्याने दातांच्या दवाखान्यात फोन लावला, तर रिसेप्शनवरची ताई म्हणाली, "दादा, माशांच्या टँकमधलं पाणी खाली गेलंय."

"वाफ होऊन जातं गं. खालच्या कपाटात दोन कॅन आहेत. डावीकडच्यातलं रोज सकाळी ओतत जा."

"डावीकडचाच ना? दोन्ही सारखेच दिसतायत."

"डावीकडचा. डोळे झाकून ओत."

तिने ओतलं. आता गोम अशी, की लोकांचे फिश टँक सांभाळणारा हा माणूस सगळं काम मागून करायचा. दवाखान्यातला टँक वेटिंग रूमच्या भिंतीत बसवलेला. पेशंट पुढून मासे बघत बसत, दाताची भीती विसरत. आणि हा मागच्या अरुंद बोळात उकिडवा बसून, टँकमधलं पाणी उपसायला तोंडाने पाइप ओढत असे. कपाटालाही दोन्हीकडून दारं. त्याची डावी ती ताईची उजवी. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नाही, कारण तो कधी पुढच्या बाजूला बसलाच नव्हता. चहासुद्धा बोळातच. दर खेपेला ताई दोन चहा मागवी, एक मागे आणून देई, आणि हा दर खेपेला म्हणे, "पुढच्या वेळचा माझा हं, ताई."

तर ताईने उचलला तो कॅन खाऱ्या पाण्याचा होता. टँक समुद्री माशांचा. वाफ होते ती नुसत्या पाण्याची, मीठ जागचं हलत नाही. म्हणून भर घालायची ती साध्या पाण्याची. खारं पाणी फक्त टँकमधलं पाणी बदलायच्या दिवसासाठी. ताई बिचारी रोज मिठात मीठ घालत राहिली.

तो परतला तेव्हा नारिंगी पट्ट्यांचे मासे तळाशी आडवे पडले होते, पोटं खपाटीला गेलेली. त्याने बोट बुडवून जिभेला लावलं आणि थुंकला. पुढचं कुणी सांगायची गरज नव्हती. बारावी सायन्सला त्याने सगळीकडे गटांगळ्या खाल्ल्या, पण हा एक धडा त्याला पक्का समजला होता. पेशीभोवती पातळ पडदा असतो. पाणी त्यातून सहज आरपार जातं, आणि एकूण ओढा असतो तो जास्त खारटाकडे. मिठाचं तसं नाही. त्याला बाहेर काढायचं तर पेशीला स्वतःची ताकद खर्चून उपसावं लागतं. समुद्रातला मासा जन्मभर हीच हमाली करतो. अंगातलं पाणी गळत राहतं म्हणून खारं पाणी पितो, आणि त्यातलं मीठ कल्ल्यांतल्या पेशी उपसून टाकतात. मीठ वाढतच गेलं की उपसा पुरा पडत नाही. भरल्या टँकमध्ये हे मासे तहानेने मेले होते.

डॉक्टर हातमोजे काढत आले. "काय झालं रे? नव्या शाखेतला मोठा टँक तुला द्यायचं म्हणत होतो मी!"

त्या मोठ्या टँकवर टँकवाल्याचा फार जीव होता. तो मिळाला असता तर चारचौघांत त्याला 'डबक्याचे डॉक्टर' म्हणणाऱ्या मेहुण्याचं तोंड एकदाचं बंद झालं असतं.

"पाणी ओतण्यात गडबड झाली, सर," तो म्हणाला. "साध्याऐवजी खारं पडलं."

"ओतलं कुणी?"

तो कपाटात वाकून उगाच कॅनची झाकणं घट्ट करू लागला.

"मी ओतलं," ताई म्हणाली. "दादांनी सांगितलेल्याच कॅनमधलं."

"काय रे, कुठलं सांगितलं होतंस?"

"साध्या पाण्याचा कॅन सांगितला होता, सर." मनात तर त्याने तोच सांगितला होता.

"डावीकडचा म्हणालात, दादा."

"साधं पाणीच म्हणालो असणार ना, ताई. मी खारं कशाला सांगेन?"

बोलण्यात तर्क होता. धंद्यातला माणूस, शिवाय पडदा, पेशी, क्षार असं बोलणारा, डॉक्टरांना पटलं. ते ताईला म्हणाले, "चव तरी बघायचीस! उद्या पेशंटच्या तोंडात काय द्याल तुम्ही लोक?" ताईचा नवरा घरी बसलेला, घर तिच्याच पगारावर चाललेलं, हे डॉक्टरांना ठाऊक नव्हतं, टँकवाल्याला होतं. महिना संपला तशी ताईची खुर्चीही गेली.

मोठा टँक त्याला मिळाला. मेहुण्याचं तोंड काही बंद झालं नाही. तो म्हणाला, "वा! डबक्यातून तलावात बढती."

पुढे एकदा पोरीला जुलाब लागले म्हणून तो नेहमीचं सोडून कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरला. काउंटरमागे ताई.

"ओआरएस द्या," तो म्हणाला. ओळख दाखवावी की नाही हे ठरायच्या आत तिनेच विचारलं, "कुणाला?"

"पोरीला."

तिने पाकिटं काढून ठेवली. "एका पाकिटाला एक लिटर उकळून गार केलेलं पाणी. कमी पाणी घालू नका, खारट झालं तर उलट अंगातलं पाणी ओढेल. इथले दुकानाचे सर सांगतात, आतड्यात मीठ साखरेचा हात धरून आत शिरतं आणि पाणी त्यांच्या मागून. तुम्हाला ठाऊकच असेल म्हणा."

"हो."

"सगळं पाकिटावर लिहिलंय. डावीकडून वाचा."

त्याने सुटे पैसे काउंटरवर ठेवले. काहीतरी बोलावं म्हणून त्याने तोंड उघडलं, तर ताई बिल फाडता फाडता म्हणाली, "मासे कसे आहेत?"

"बरे आहेत." मग पाकिटं उचलत, "ताई, त्या दिवशी मी..."

"चहा सांगू? समोरच टपरी आहे. तुमच्याकडे बाकीच आहे माझा."

त्याने दाराकडे पाहिलं. "आज पोरगी वाट बघतेय. पुढच्या वेळी नक्की."

"पुढच्या वेळी," ताई म्हणाली, आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाकडे हात केला.

पोरगी बरी झाली. टँकवाला पुन्हा नेहमीच्या मेडिकलमध्ये जाऊ लागला.