चार-दहाची पाटी

क्विरिनकाकाची मोटारसायकल मी मारली. म्हणजे इंजिन ठणठणीत आहे, टाकीला ओरखडा नाही. पण कायद्याच्या दृष्टीने ती ऑक्टोबर संपला त्या रात्री वारली, आणि ते पाप माझं.

आमच्या डोंगराळ खोऱ्यात बहुतेक दुचाक्या हंगामी असतात. नंबराच्या पाटीच्या कडेला वर एक महिना आणि खाली एक महिना छापलेला. वरच्यापासून खालच्यापर्यंत विमा चालू. बाकीच्या दिवसांत गाडीने रस्त्यावर नुसतं उभंही राहायचं नाही. काकाची पाटी आधी बाराही महिन्यांची होती. बर्फात जी बाहेर पडत नाही तिचा विमा कशाला भरतोस, असं मीच त्याच्या डोक्यात भरवलं. तो म्हणाला, "बरं. पण मार्च ते नोव्हेंबर कर." जिल्ह्याच्या कचेरीत खिडकीमागच्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "चार-दहा ना?" इथे सगळेच एप्रिल ते ऑक्टोबर घेतात. मीही मान डोलावली. शहाण्या माणसाची मान कधी कधी डोक्याला विचारत नाही.

उन्हाळाभर ते कुणाच्या लक्षात आलं नाही. काका आपल्या गाडीची मागची बाजू कधीच बघत नाही. त्याच्या मते ती बाजू मागे पडणाऱ्यांसाठी असते.

काका म्हणजे रक्ताचा नव्हे. बाप्तिस्म्याला मला हातांत धरून उभा राहिला, एवढंच नातं; पण ते त्याने दातदुखीसारखं आजवर सांभाळलं. रस्ते खात्यात तीस-एक हिवाळे त्याने घाटात बर्फ ढकलायचा ट्रक चालवला. पांढऱ्याशुभ्र डोंगरात कडेच्या खांबांच्या अंदाजाने रस्ता शोधायचा हे त्याचं काम, त्यामुळे उन्हाळ्यात उघडा पडलेला घाट त्याला पोरखेळ वाटतो. दोन सिलिंडर दोन्ही बाजूंना काढलेली त्याची गाडी बघितली की बाकावर कोपरं पसरून बसलेला गावचा सरपंच आठवतो. पुढे काच नाही, मागे पेट्या नाहीत. सीट मात्र अशी की माणूस स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्यासारखा ताठ बसतो. तिसऱ्या गिअरमध्ये टाकली की काका खिंड येईपर्यंत पाय हलवत नाही. "दम इंजिनात असला की पायाला काम नको," म्हणतो. मला ती एकदाही चालवायला दिलेली नाही. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, "ती फार समजूतदार आहे. समजूतदाराच्या हाती नवशिका दिला की तो बिघडतो."

आता नोव्हेंबरचं. सहा तारखेला संत लेओनहार्डचा दिवस. हा घोड्यांचा कैवारी. त्या दिवशी खोऱ्यातले सगळे घोडे सजून टेकडीवरच्या चॅपलला जातात, तीन फेऱ्या घालतात आणि फादर त्यांच्यावर मंतरलेलं पाणी शिंपडतात. त्या रांगेत सगळ्यांच्या मागे काकाची मोटारसायकल असते. त्याचे वडील घोड्यांनी जंगलातले ओंडके ओढायचे. त्यांची कंबर गेली तेव्हा काकाने शेवटचा घोडा विकून पहिली दोन सिलिंडरवाली घेतली. म्हातारा उन्हाळाभर त्याच्याशी बोलला नाही. नोव्हेंबरात बोलला ते एवढंच: "घोडा विकलास ना? मग लेओनहार्डला हिला ने. आपल्या घरातून कुणीतरी गेलंच पाहिजे." तेव्हापासून गाड्या बदलल्या, म्हातारा गेला, काकाचे केस गेले, फेरी चुकली नाही. घोडेवाल्यांनीही चालवून घेतलं, कारण ही गाडी पहिल्या गिअरमध्ये मूठ न पिळता, न अडखळता घोड्याच्या पावलाने चालते. आवाजही खालचा. घोडे बुजत नाहीत.

पाच तारखेला दुपारी काका गॅरेजात हँडलला देवदाराच्या डहाळ्या बांधत होता आणि मी टाकी पुसत होतो. शेजारची आफ्रा दारात आली. आफ्राकडे दोन राक्षसी जातीचे घोडे आहेत आणि जीभ त्यांच्याहून वजनदार.

"क्विरिन, हिला सजवतोस कशाला? ही वारली की."

"कोण वारलं?"

"ही. मागे येऊन वाच. खाली दहा लिहिलंय. चालू आहे अकरावा."

काकाने चष्मा शोधला, वाकून पाटी वाचली आणि माझ्याकडे वळला. "वास्टी, मी तुला काय सांगितलं होतं?"

"नोव्हेंबर."

"आणि हे काय आहे?"

"ऑक्टोबर."

"शाळेत महिने शिकवले होते ना?"

"शिकवले होते. परीक्षेत आले नाहीत."

एरवी तो अशावर हसतो. हसला नाही. कचेरीत पाटी बदलून घ्यायची तर आठवडाभर आधी वेळ मागावी लागते. मी म्हटलं, "काका, तशीच ने. चॅपलपर्यंत तर जायचंय, कोण बघतंय?"

"या रस्त्याची मी सगळी उमर सेवा केली," काका म्हणाला. "त्याच्यावरून चोरासारखा जाऊ? आणि उद्या आफ्राचा एखादा घोडा बुजला, कुणाचं पोर तुडवलं, तर विमा कुठला?" मग त्याने खाली बसून डहाळ्या एकेक सोडायला घेतल्या. गाठ सुटेना तेव्हाही कात्री मागितली नाही. मला वाटलं, दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

आफ्रा आत आली आणि त्याच्या हातातली डहाळी तिने काढून घेतली. मग म्हणाली, "सोडू नकोस. माझ्या गाड्यावर चढव."

"घोड्यांच्या गाड्यावर मोटारसायकल?"

"गाड्यावर बायका बसतात, भोपळे बसतात, गेल्या साली बँडवाल्यांचा ढोल बसला होता. हिने काय घोडं मारलंय?"

"आणि तुला काय द्यायचं?"

"तुझ्याकडून काही नको. ज्याने घोळ घातला त्याने माझ्या घोड्यांना पोतंभर गाजरं आणून द्यायची."

सकाळी फळ्या लावून आम्ही गाडी चढवली, दोर बांधले. काका तिच्यावर बसला, मी बाजूने धरून उभा. अख्खा गाव रस्त्याच्या कडेला उभा होता, आणि आमच्या गावाला तोंड आवरण्याची सवय नाही.

"क्विरिन, पेट्रोल संपलं का?"

"शंभर घोड्यांचं इंजिन, आणि ओढायला दोन?"

"हे दोन ओढतात," आफ्रा लगाम न हलवता म्हणाली. "तुमचे शंभर नुसते पितात."

काका समोर बघत होता. वळण आलं की सवयीने किंचित कलायचा आणि मग गाडी कलत नाही हे लक्षात येऊन ताठ व्हायचा. अर्ध्या चढावर माझ्याकडे वाकून हळूच म्हणाला, "बाबा म्हणाले होते, ने. लादून ने, असं नव्हते म्हणाले."

आफ्राला ऐकू गेलं असावं. चॅपलजवळ तिने गाडा रस्त्यावरून वळवला, फाटकातून आत नेला आणि थांबवला. "उतरव तिला."

"इथे?"

"चॅपलभोवतीचं कुरण माझं. कुंपण माझं. फाटक मी लावलं तर लागतं. तुझ्या खात्याचा रस्ता तिकडे, बाहेर."

काकाने वाहतूक अडवून उभ्या असलेल्या पोलिसाकडे बघितलं. पोलीस एका घोड्याच्या आयाळीतल्या फिती फार मन लावून बघत होता.

गाडी खाली आली. काकाने बटण दाबलं, ती एकदा उजवीकडे झुकून हलली, जशी नेहमी हलते, आणि धपधप सुरू झाली. शेवटच्या घोड्यामागून तो निघाला, मूठ न पिळता, दोन्ही हात हँडलवर नुसते टेकवून. आफ्राच्या घोड्याने एक कान मागे केला आणि परत पुढे केला. तिसऱ्या फेरीला फादरांनी कुंचा असा झटकला की निम्मं पाणी गरम सिलिंडरवर पडून चुर्र झालं.

"घरातून कुणीतरी आलं म्हणायचं," फादर म्हणाले.

काकाने चष्म्यावरचे थेंब पुसले नाहीत. तसाच आफ्राजवळ आला आणि म्हणाला, "तुझ्या कुरणात खोल चर पडला गं, चाकाने."

"गवत उगवतं," आफ्रा म्हणाली.

आता जानेवारी आहे. मी कचेरीत जाऊन तीन-अकराची पाटी आणली, बाईंनी "चार-दहा ना?" विचारलं तेव्हा रांगेतले सगळे वळून बघतील इतक्या ठामपणे "नाही" म्हणालो. गाजरंही आणली. पोतं खांद्यावर घेऊन आफ्राकडे निघालो होतो, तर काकाने गॅरेजातून हाक मारली.

"कुठे?"

"देणं फेडायला."

"ठेव तुझ्या तळघरात."

"का?"

काका कॉफीचा दुसरा कप पुसत राहिला. आफ्रा दर रविवारी प्रार्थनेनंतर गॅरेजात येते, उलट्या खोक्यावर बसते आणि विचारते, "आली का माझी गाजरं?" काका कॉफी ओततो आणि माझ्याकडे बोट करतो. "या पोराचं हे असंच आहे बघ. काही वेळेवर करत नाही."

मी मान खाली घालतो. तळघरात गाजरांना कोंब फुटायला लागलेत.