वहिनीची पाठ

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. सांगायला गेलो की भलतंच बोलत बसतो. आताही बघा, आधी मागाबद्दलच सांगावंसं वाटतंय.

मोहाडीकडच्या आमच्या घरात दोन हातमाग होते. एकावर दादा बसायचा, दुसऱ्यावर मी. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर वाकायचं आणि धोटा इकडून तिकडे फेकायचा. दादाला ते काम आवडायचं. मला मात्र तुमसरच्या एका साडीच्या दुकानात बसायचं होतं, पंख्याखाली, चार लोकांत. पण बापाचा माग सोडतो असं तोंड वर करून कसं म्हणायचं?

म्हणून म्हणालो, पाठ दुखते.

कंबर नाही, वर, दोन्ही खांद्यांच्या मधोमध. विणकरांचं तिथंच दुखतं, हे लहानपणापासून ऐकलेलं होतं. भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढला, त्यात काही दिसलं नाही. पण दुखतं म्हणतोय तर दुखत असेल, असं म्हणून त्यांनी माग बंद करायला सांगितलं. भला माणूस होता. वहिनी रोज वाळू गरम करून फडक्यात बांधून द्यायची. मी ती पाठीशी धरून पडून राहायचो — आणि तेव्हा लाज वाटली का? खरं सांगतो, नाही वाटली.

मी दुकानात लागलो. माझ्या मागावर वहिनी बसली.

इथवरचं कोणी माफही करेल. पण खरी गोष्ट पुढेच आहे.

काही वर्षांनी वहिनीची पाठ दुखायला लागली. पोरीची वेणी घालताना तिचे हात मधेच खाली यायचे. फळीवरचा डबा काढता येईना. एका सकाळी दादानं मला विचारलं, "तुयं बी असंच होतं ना रे? हिले बसवू का नको मागावर?"

घरात जाणता मीच होतो ना. ते दुखणं भोगलेला.

काय बोललो मी? आजही शब्द आठवतात. "दुखत असन दादा, पण इतकं नसते. कंटाळा आला असन वहिनीले."

काहून बोललो असं? ती उठली तर माग पुन्हा माझ्या गळ्यात येईल, ही भीती होतीच. पण त्याहून वाईट म्हणजे मला ते खरंच वाटलं. मी खोटं बोललो होतो, मग तीही बोलत असेल. दुखण्याबद्दल मला दुसरं काय ठाऊक होतं?

वहिनी दारातच उभी होती, चहा घेऊन. कप ठेवला आणि म्हणाली, "बसतो ना मी. माया बोलण्यावर नका जाऊ."

आणि बसली, वर्षानुवर्षं. आता तिची पाठ वाकलीय, उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला विचारलं, "आधी काऊन नाही आले?" मी बाजूलाच होतो. वहिनी म्हणाली, "कामात जमलं नाही." माझं नाव घेतलं नाही. बहुतेक तिच्या मनातही आलं नसावं, आणि तेच मला जास्त बोचतं.

परवा तिला दवाखान्यातून गाडीनं घरी आणत होतो. रस्ता खराब, प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटून घ्यायची. मधेच माझ्याकडे बघून म्हणाली, "भाऊजी, तुमी तर तरुणपणीच भोगलं हे. कसं सहन केलं असन तुमी?"

गाडीत आम्ही दोघंच होतो. सांगता आलं असतं.

मी म्हणालो, "होते वहिनी हळूहळू सवय."

तिनं मान हलवली. तिला तेवढ्यानंही बरं वाटलं.