अक्कांचा रोट

त्या श्रावणात देवीपेक्षा माझा माझ्या वहीवर जास्त भरवसा होता, हे आधीच कबूल करते. तुमच्या आजोबांना त्यांच्या थोरल्या बहिणीने, म्हणजे अक्कांनी, आपली किडनी दिली त्याला दहा महिने झाले होते. रोज सकाळी त्यांचं वजन, ताप, लघवीचं माप मी वहीत लिहायची. शरीर ही किडनी कधीही परकी ठरवू शकतं, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. ती भीती रोज आमच्याबरोबर जेवायला बसायची.

कानबाईचा सण आला. नारळाला डोळे आणि नथ लावून देवी बसवली. जळगावचं आमचं घर दोन दिवस धुपाच्या वासात तरंगत होतं. बायकांची गाणी कुठून येतात आणि कुठे विरतात, कळत नव्हतं. त्या गुंगीत मी वही उघडलीच नाही. अक्का पाचोऱ्याहून, सासरहून आल्या होत्या. विसर्जनानंतर देवीच्या प्रसादाचे रोट, गव्हाच्या जाड पोळ्या, वाढले. आमच्याकडे रोट कुळातल्यांनीच खायचा, सासरी गेलेल्या लेकीनेसुद्धा नाही. एवढी शिकलेली मी, पण अक्कांच्या ताटात साधी पोळी वाढली.

"मी नही खाधा, मनी किडनीनी तं खाधा ना!" अक्का भावाच्या ताटातल्या रोटाकडे बोट दाखवून म्हणाल्या. सगळ्या हसल्या. अक्का मात्र अर्धी पोळी टाकून उठल्या आणि दुपारच्या गाडीने निघते म्हणाल्या.

आजोबा त्यांना स्टेशनवर पोचवायला निघाले. उंबऱ्याशी त्यांचा पाय चपलेत जाईना. पट्टा सैल करायला अक्का खाली वाकल्या आणि तशाच थांबल्या.

"भाऊ, तुना पाय सुजेल शेतस."

त्यांनी अंगठ्याने दाबलं, तर खळगा तसाच राहिला. मी धावत जाऊन वजनकाटा आणला. वजन अडीच किलोने वाढलं होतं.

त्याच गाडीने आम्ही मुंबईच्या दवाखान्यात जायला निघालो. खिडकीबाहेर ऊन-पाऊस एकमेकांत मिसळले होते, केळीच्या बागा हिरव्या पाण्यासारख्या वाहत होत्या. पाचोरा आलं. अक्कांनी पिशवी उचलली नाही, भावाचा हात सोडला नाही. गाडी सुटली. तेव्हा मी डोळे मिटून देवीला म्हटलं, माझी वही संपली, आता तूच बघ.

डॉक्टरांनी समजावलं, "रक्तातल्या पांढऱ्या पेशी म्हणजे पहारेकरी. परकं दिसलं की तुटून पडतात. वाईट नसतात हो त्या, आपलं घरच राखत असतात." मला अक्कांच्या ताटातली पोळी दिसली.

तीन दिवस इंजेक्शनं दिली. चौथ्या सकाळी लघवीचं भांडं भरलेलं पाहून मी रडले. आणखी दोन दिवस गेले असते तर किडनी हाती लागली नसती, असं डॉक्टर म्हणाले. अक्का रुसून निघाल्या नसत्या, तर त्या चपलेकडे कोणाचं लक्ष गेलं असतं? याचं उत्तर मी शोधत नाही. नमस्कार करते.

पुढच्या कानबाईला मी सगळ्यांदेखत पहिला रोट अक्कांच्या हातावर ठेवला. आमच्या काकू पुटपुटल्या, "देवी कोपेल." अक्कांनी रोट मोडला, अर्धा भावाला दिला, अर्धा स्वतः खाल्ला.

आजोबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. कानबाईला अक्का दरवर्षी येत राहिल्या, आणि पहिला रोट त्यांचाच राहिला.