आईची पोस्ट

चीनमधल्या चेंगदू शहरातल्या आमच्या ऑफिसात च्यू वनयिंग माझ्या शेजारी बसायची. कंपनी अमेरिकन, पण सरकारला खुपणाऱ्या पोस्ट काढून टाकायचं काम आमचं. त्याशिवाय कंपनीला इथे धंदाच करू दिला नसता.

एका सकाळी तिच्या स्क्रीनवर तिच्याच आईची पोस्ट आली. भूकंपात शाळा कोसळून गेलेल्या वनयिंगच्या धाकट्या भावाचा फोटो, आणि खाली ओळ : 'शाळेच्या खांबांत लोखंडच नव्हतं.'

मी हळूच म्हटलं, "राहू दे गं. मी काही पाहिलं नाही."

"राहू दिली, तर उद्या पोलीस आईच्या दारात येतील," ती म्हणाली. तिने पोस्ट काढली आणि पुढची उघडली.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही नूडल्स खात असताना तिच्या आईचा फोन आला. आवाज मलाही ऐकू येत होता.

"अगं, माझी पोस्ट दिसेनाशी झाली. तुमचे साहेब तर परदेशातले, त्यांना कोणाची भीती? जरा विचार ना त्यांना."

"विचारते, आई. तू जेवलीस का?"

फोन ठेवून तिने उरलेल्या नूडल्स शांतपणे संपवल्या.

"तुला रडू येत नाही का गं?" मी विचारलं.

"यायला हवं होतं," ती म्हणाली, आणि वाटी धुवायला उठली.