राधाकिसनआबांचं पोट आणि भुजंगरावांची कॉटरी

नवीन जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला, बियाण्यांच्या दुकानांच्या रांगेत, खाली बँक आणि वर दवाखाना अशी एक इमारत आहे. त्या दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात भुजंगराव एकोणीस वर्षांपासून कॉटरी सांभाळतात. कॉटरी म्हणजे विजेवर रक्त थांबवायचं मशीन. डॉक्टर पायाखालचं पेडल दाबतात, हातातल्या दांडीच्या टोकातून करंट जातो आणि फुटलेली बारीक नस चर्रदिशी बंद होते. करंट आत शिरला की त्याला बाहेर यायलाही वाट लागते, म्हणून पेशंटच्या मांडीवर तळहाताएवढी चिकट प्लेट लावतात. ती नीट चिकटली की मशीनवर हिरवा दिवा. सुटली की लाल दिवा, बोंबाबोंब आणि करंट बंद.

एवढं समजलं की भुजंगरावांच्या खात्यातलं अर्धं ज्ञान झालं. उरलेलं अर्धं ते कुणाला सांगत नाहीत. विचारलंच तर "अनुभव लागतो" म्हणतात आणि चहा मागवतात. एकोणीस वर्षांत डॉक्टर दोनदा बदलले, मशीन तीनदा बदललं. भुजंगराव मात्र आहेत तिथंच आहेत. सध्याच्या सर्जन प्रियदर्शनी मॅडम. त्यांना ते "मॅडम, कितीवर ठेवू?" असं अदबीनं विचारतात, पण मॅडमनी आकडा सांगायच्या आत तो त्यांनी लावलेला असतो.

सगळं थिएटर भुजंगरावांना मानतं. मानत नाहीत ते एकटे त्यांचे वडील, राधाकिसनआबा.

आबा कुंभार पिंपळगावच्या शिवारातले. सत्तर मेंढरं, एक घोडं, आणि वयाच्या सदुसष्टाव्या वर्षीही पायांना चैन नाही. मेंढराचं शिंग मोडलं, खूर फाटला, की आबा विळा लाल करून डाग द्यायचे आणि रक्त थांबवायचे. आसपासच्या वाड्यावस्त्यांवर त्यांच्या हाताचं नाव होतं. खुद्द भुजंगरावांच्या पोटावर लहानपणी दिलेला एक डाग आहे. पोटदुखी त्यानं थांबली नव्हती, नुसती खूण राहिली. असा बाप मुलाच्या मशीनला काय भीक घालणार?

"चाळीस वर्सं मी इळ्यानं रगत थांबिवलं," आबा म्हणायचे. "लाईट गेली म्हनून कधी खोळंबलो का?"

"तुमची मेंढी बोंबलायची, आबा. आमचा पेशंट गप पडून राह्यतो."

"बोंबलती म्हंजी जित्ती हाय, येवढं तरी कळायचं!"

तर पोळा झाल्यावर आबांच्या शौचातून रक्त जायला लागलं. पंधरा दिवस त्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मग आई, म्हणजे गोपिकाबाई, त्यांना जवळजवळ ओढतच जालन्याला घेऊन आल्या. तपासणीत मोठ्या आतड्यात गाठ निघाली. गाठ चांगल्या वळणाची नव्हती, पण वेळेत सापडली होती. आतड्याचा तेवढा तुकडा काढून दोन टोकं जोडायची, आणि तेही दुर्बिणीनं, पोटाला बारीक भोकं पाडून, असं मॅडमनी समजावलं.

आबांनी गाठीबद्दल एक अक्षर विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "दिवाळी झाल्यावर मला मेंढरं घिऊन गोदाकाठाला निघायचंय. चालता यील का?"

"दुर्बिणीनं निभावलं तर दीड महिन्यानं चालाल," मॅडम म्हणाल्या. "पण आत रक्त लागलं आणि थांबेना, तर पोट मोठं उघडावं लागेल. मग या वर्षी मेंढरं विसरायची."

"मंग आत्ताच सांगा, मी घरला जातो," आबा म्हणाले. बऱ्याच मिनतवाऱ्या झाल्यावर एका अटीवर तयार झाले. "मशीनवर माझाच पोरगा पायजे. बटनं तरी वळखीचा मानूस दाबंल."

मॅडमना हे बिलकुल पसंत नव्हतं. "भुजंगराव, घरचं माणूस टेबलावर असलं की हात कापतो."

"हात तुमचे, मॅडम. माझ्या हातात नुसती वायर."

मॅडम हसल्या आणि तिथंच फसल्या.

ऑपरेशनच्या दिवशी मोनिका सिस्टरनं सगळी तयारी चोख केली. आबांना भूल दिली. भुजंगराव प्लेट घेऊन पुढं आले, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा त्यांचा हात अडखळला. भीतीनं नव्हे, लाजेनं. बापाची उघडी मांडी त्यांनी जन्मात पाहिली नव्हती. दुसरा कुणी असता तर त्यांनी कातडीवरून हात फिरवून पाहिला असता, कोरडी आहे की ओली. इथं त्यांनी मान वळवली, भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहत प्लेट चिकटवली आणि झटकन चादर ओढली. हिरवा दिवा लागला. झालं.

पहिला दीड तास सगळं झ्याक चाललं. पडद्यावर आबांचं आतडं दिसत होतं. भुजंगराव त्याच्याकडंही जरा मान तिरकी करूनच पाहत होते. मॅडम आतडं मोकळं करत होत्या, मधूनमधून चर्र आवाज येत होता, धुराची बारीक रेघ उठत होती.

आणि आतड्याला रक्त पुरवणारी एक नस निसटली. बघता बघता अर्धा पडदा लाल झाला. मॅडमनी पेडल दाबलं. चर्र काही झालं नाही. मशीननं लाल दिवा लावला आणि बोंब ठोकली.

"भुजंगराव! काय झालं?"

"प्लेट, मॅडम!"

मॅडमनी चिमट्यात नस पकडली. रक्त कमी झालं, पण थांबलं नाही. "मोनिका, मोठा सेट जवळ घे. पोट उघडावं लागेल असं दिसतंय."

मोठा सेट म्हणजे मोठी चीर. मोठी चीर म्हणजे गोदाकाठ गेला. भुजंगरावांच्या तोंडातून आपसूक निघालं, "आधी दाबायचं, मंग डागायचं." मेंढीवर गुडघा रोवून आबा हेच म्हणायचे.

"काय म्हणालात?"

"दाबून धरा, मॅडम. सोडू नका. सीलर देऊन राह्यलो. त्याला प्लेट लागत न्हाई."

सीलर हे दुसरं हत्यार. त्याला सांडशीसारखे दोन जबडे असतात; नस त्यांच्यात दाबायची, करंट एका जबड्यातून दुसऱ्यात जातो आणि नस चिकटून बंद होते. करंटला बाहेरची वाट लागतच नाही.

"चालू आहे का तो?"

"सकाळीच तपासून ठेवलाय."

भुजंगरावांनी वायर जोडली, मोनिकानं सीलर मॅडमच्या हातात दिला. जबडे मिटले. मशीन दोन क्षण गुणगुणलं आणि पीप वाजलं. मॅडमनी आत पाणी सोडून ओढून घेतलं. पडदा स्वच्छ झाला. नस गप्प.

भूलवाल्या डॉक्टरांनी पायातलं चप्पल नीट केलं.

इकडं भुजंगराव चादरीखाली शिरले होते. प्लेटचं एक टोक सुटून लोंबत होतं. खालची मांडी मऊसूत, चकचकीत. त्यांनी बोटाचा वास घेतला. करडईचं तेल!

"स्पिरिट देऊ का पुसायला?" मोनिकानं विचारलं.

"ठिणगीजवळ स्पिरिट? आबाला भाजायचंय का? साबणाचं पाणी दे."

मांडी कुठं पोळली नाही ना, हे त्यांनी नीट पाहिलं. मशीननं वेळेत बोंब मारली होती. मग लाजबीज सगळी गुंडाळून त्यांनी बापाची दुसरी मांडी घासून धुतली, कोरडी केली, हात फिरवून पाहिली आणि नवी प्लेट दाबून बसवली. हिरवा दिवा. ऑपरेशन दुर्बिणीनंच तडीला गेलं.

बाहेर गोपिकाबाई बाकावर बसल्या होत्या.

"माय, आबाच्या पायाला तेल कुनी लावलं?"

"मी. सिस्टरनं आंघूळ घातल्यावर. लांबच्या वाटंला निघताना दरसाली मीच मळून देते त्यांचे पाय. आज तर लईच लांब चालल्ते. का रं?"

भुजंगराव बोलायला बरंच काही ठरवून आले होते. ते सगळं त्यांनी गिळलं. कारण मान कुणी वळवली होती, हे त्यांना बराबर माहीत होतं. मॅडमना त्यांनी स्वतः जाऊन सांगितलं, "प्लेट मी न बघता लावल्ती. लाज वाटली."

मॅडम म्हणाल्या, "पुढच्या वेळी घरचा पेशंट असला, तर आधी त्याच्या पाया पडत जा. म्हणजे हात तरी लागेल."

आबा शुद्धीवर आले तेव्हा त्यांचा हात पहिल्यांदा पोटावर गेला. "किती फाडलं?"

"चार भोकं. आन् तुकडा बाहेर काढायला चार बोटांची चीर."

"बस?" आबांचा चेहरा जरा उतरला. लांबून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना दाखवायला काहीतरी नको का?

दिवाळी झाली. मॅडमनी तपासून "हळूहळू चाला" म्हणून परवानगी दिली. त्यातलं "चाला" तेवढं आबांना ऐकू आलं. मेंढरं निघाल्याच्या चौथ्या दिवशी भुजंगरावांनी त्यांच्याबरोबर गेलेल्या धाकट्या भावाला, अंगदला, फोन लावला.

"आबा कुठायत रं?"

"पुढं."

"पुढं म्हंजी कळपाच्या पुढं?"

"न्हाई, घोड्याच्या पुढं," अंगद धापा टाकत म्हणाला. "दादा, खरं सांग. तुमच्या त्या मशीनीतला करंट सगळा काढून घेतल्ता ना बाहेर? का थोडा आतच राह्यला?"