मांदेलीची सावत्र बहीण

निखिलचा मेसेज शनिवारी सकाळी आला, मी ट्रेनमध्ये होते. 'मॉम पास्ड अवे. प्लीज टेक युअर फिश फ्रॉम द फ्रीझर. ओपन हाउस टुमॉरो.' एकाच मेसेजमध्ये, यार!

आणि ते फिश माझे नव्हतेच, त्याच्या आईचे, शोभाकाकूंचे होते. एडिसनला त्यांच्या बेसमेंटमध्ये मी भाड्याने राहायचे. काकू वेंगुर्ल्याच्या, जीभ म्हणजे कोयता. माझ्या जेवणात मीठ कमी, यावरून रोज उद्धार! "मीठ घालायला तुझी आई विमानाने येणारे का गं?" पहिल्याच उन्हाळ्यात मला समुद्रावर ड्राइव्ह करायला लावलं आणि थेट गळाचं सामान विकणाऱ्या दुकानात घुसल्या. तिथे बर्फात बोटाएवढे मासे, अंगावर चांदीचा एक पट्टा... सिल्व्हरसाइड म्हणतात त्यांना. काकू ओरडल्याच, "अगं, ही तर मांदेलीची सावत्र बहीण!" दुकानदार बिचारा सांगतोय, मॅम, हे आमिष आहे, मोठ्या माशांसाठी. काकू त्याला चक्क मराठीत, "मोठ्या माशांनी खायचं, मग आम्ही काय मेलोय?" घरी आल्यावर रव्यात घोळवून तळले, डोक्यासकट कुरकुरीत... मी खातच सुटले! उरलेल्या पिशवीवर इंग्रजीत 'बेट', म्हणजे आमिष, छापलेलं होतं, ते काकूंनी मार्करने खोडलं आणि लिहिलं, 'माणसांचे'. मग दर उन्हाळ्यात तेच.

मग कॅन्सर. काकू वरच्या खोलीत झोपून असतानाच निखिलने घर विकायला काढलं. रविवारी ओपन हाउस, गिऱ्हाइकं घर बघायला येणार. त्यांचं जेवण तुटलेलं, नुसतं पाणी. आणि त्या गुरुवारी अचानक म्हणाल्या, "चार मासे तळ गं." मी जिन्यावरून धावतच खाली! तेल तापलं, पहिला घाणा सोडला आणि निखिलने येऊन गॅस बंद केला. अर्धे कच्चे मासे कचऱ्यात. बाहेर बर्फ पडतोय आणि ह्याने सगळ्या खिडक्या उघडल्या. "द स्मेल! संडेनंतर कर ना."

वर ऐकू गेलंच. "रविवारनंतर ना? बरं," काकू खोकत म्हणाल्या, "तोवर मेले नाही तर खाते." आणि स्वतःच हसल्या. निखिल व्हॅनिलाची मेणबत्ती शोधत होता.

त्या शनिवारी गेल्या. ओपन हाउस कॅन्सल झालं नाही. घर चांगल्या भावाने गेलं म्हणे.

ती पिशवी आता माझ्या नव्या अपार्टमेंटच्या फ्रीझरमध्ये आहे. 'माणसांचे'. परवा त्यातले चार काढून तळले, अगदी त्यांच्यासारखे. पहिल्याच घासाला कळलं, मीठ कमी पडलंय. घास तोंडात धरून थांबले जरा...

कुणी काही बोललंच नाही.