राजीनामा द्यायला निघालेला एसटी चालक

तो राजीनाम्याचा कागद अजूनही माझ्या डोळ्यांसमोर येतो. वहीच्या पानावर, शाळकरी वळणाच्या अक्षरात लिहिलेला. तेव्हा मी धाराशिव जिल्ह्यातल्या महामार्गावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून टपालावर सह्या करत होतो, तेवढ्यात एक उंचापुरा, पन्नाशीचा माणूस कागद घेऊन समोर उभा राहिला. एसटीचा चालक.

"साहेब, आगारात द्यायच्या आधी तुमास्नी दाखवाया आनलाय. केस कोर्टात जायच्या आधीच नोकरी सोडावी म्हणतो. बडतर्फ होऊन घरी जाण्यापरीस ते बरं न्हाय का? बावीस वर्षांत गाडीला खरचटू दिलं न्हाय म्या."

चार दिवसांपूर्वी सुट्टीच्या दिवशी येरमाळ्याकडच्या एका जावळाहून परतताना त्याच्या कारने एका म्हाताऱ्या सायकलस्वाराला उडवलं होतं. म्हाताऱ्याचा पाय मोडला. आमचा हवालदार पोहोचला तेव्हा गाडीजवळ हा एकटाच उभा होता, तोंडाला दारूचा वास. "गाडी मीच चालवत होतो," असं त्याने न विचारता सांगितलं. वैद्यकीय तपासणी झाली, रक्ताचा नमुना गेला, गुन्हा दाखल झाला. त्याच्या आगाराला कळवायचं पत्र त्याच टपालात, माझ्या हाताखाली होतं.

आरोपी ठाण्यात येतात ते सुटायची वाट विचारायला. हा शिक्षा स्वतःच ठरवून आला होता. ते मला खटकलं. मी पत्रावर सही केली नाही. "कागद खिशात ठेवा. उद्या या," म्हणालो.

दुपारी फोन आला. अपघाताच्या जागेसमोरचा पंक्चरवाला होता. "साहेब, म्या नाव सांगनार न्हाय कुनाचं. पर गाडी बाई चालवीत व्हत्या. त्यांनीच रिक्षा थांबवून म्हाताऱ्याला दवाखान्यात नेलं."

जखमीचा जबाब व्हायचा राहिला होता. पायाच्या ऑपरेशनसाठी त्याला सोलापूरला हलवलं होतं. मी हवालदाराला तिकडे पाठवलं आणि स्वतः आवारात गेलो. क्रेनने ओढून आणलेली ती जप्त कार तिथे उभी होती. काचेतून आत पाहिलं. चालकाची सीट अगदी पुढे, स्टिअरिंगला टेकेल इतकी ओढलेली होती.

दुसऱ्या दिवशी तो आला. सोबत बायको होती, ठेंगणी, पदर डोक्यावर. तिला बाहेर बाकावर बसवून मी त्याला विचारलं. एकदा, दोनदा, तीनदा. उत्तर एकच. "मीच चालवत होतो."

मग पंचांसमक्ष गाडी उघडली. "बसा आत."

त्याने पाय आत घातला. गुडघा स्टिअरिंगखाली अडकला. दुसरा पाय जाईचना. अर्धा आत, अर्धा बाहेर तसाच तो थांबला आणि मान खाली घातली.

मागून बायकोचा आवाज आला. "सांगा की आता. मला शपथ घातली म्हणून मी गप हाय. पाच दिस घास गिळला न्हाय."

ती शिकाऊ परवान्यावर गाडी चालवत होती. शिकवणारा नवराच. जावळात त्याने दारू घेतली म्हणून त्यानेच तिला चालवायला बसवलं. सायकल आडवी आली आणि ती गांगरली.

"तिची काय चूक, साहेब? घेतली म्या, बसवलं म्या," तो म्हणाला. "माझी नोकरी जाऊ दे. तिनं कोर्टाची पायरी चढू नये."

"म्हणजे खोटं बोलून मला बी घेऊन बुडणार व्हता," ती म्हणाली आणि जबाब द्यायला स्वतः खुर्चीत बसली.

संध्याकाळी सोलापूरहून म्हाताऱ्याचा जबाब आला. तोही तेच सांगत होता. दारू पिऊन वाहन चालवल्याचं कलम वगळल्याचा अहवाल मी कोर्टाला पाठवला. पोलिसांची दिशाभूल केली म्हणून त्याला चांगलं सुनावलं. पुढे बाईंना कोर्टात दंड झाला, तो त्यांनी भरला. म्हाताऱ्याच्या औषधपाण्याचं दोघांनी पाहिलं.

राजीनामा त्याने माझ्यासमोरच फाडला. चेहरा मोकळा झाला होता. खरं सांगायचं तर मलाही हायसं वाटलं. आगाराचं ते पत्र माझ्या सहीने गेलं असतं, तर निलंबनाला वेळ लागला नसता.

नाकारणाऱ्याला आम्ही पोलीस दहा प्रश्न विचारतो. कबूल करणाऱ्याला एकही नाही, कारण आपलं काम सोपं झालेलं असतं. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत, समोरच्याने "मीच केलं" म्हटलं की मी त्याला चहा पाजायचो आणि पहिल्यापासून सगळं विचारायला बसायचो.